वजन उतरवणारे नंतर कुठे असतात?

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर हल्ली एका नव्या उपचाराच्या जाहिराती फिरतात. पोटावर चिरा नाही, व्रण नाही, दुसऱ्या दिवशी घरी, पैशांसाठी सुलभ हप्ते. तोंडावाटे दुर्बीण आत घालून लठ्ठपणावर उपचार करण्याची ही पद्धत म्हणजे एंडोस्कोपी. जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात. 'नंतर'चा फोटो सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढलेला असतो. त्यापुढच्या दहा वर्षांचा फोटो कुणी लावत नाही.

आम्हाला त्या दहा वर्षांबद्दल बोलायचे आहे.

काही मित्र म्हणतील, चळवळीतल्या लोकांनी लठ्ठपणावर कशाला लिहायचे? हे तर खात्यापित्या घरांचे चोचले. हा समज आधी तपासू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. आधीच्या फेरीत हे आकडे २०.६ आणि १८.९ होते. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक होत्या. श्रीमंत घरांत लठ्ठपणाचे प्रमाण आजही जास्त आहे, हे खरे. पण तो आता त्यांच्या कंपाउंडच्या आत राहिलेला नाही. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, आई जाड आणि मुलगी बारीक असते. रक्त मात्र दोघींचेही कमी असते.

असे का होते? रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ, अंडी, मासे, फळे विकत घ्यावी लागतात. भूक सगळ्यात स्वस्तात भागते ती वडापाव, गोड चहा, बिस्किटे आणि पामतेलात तळलेल्या पदार्थांवर. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक बारा तास खुर्चीवर बसतो आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत अर्धवट झोपतो. धुणीभांडी करणारी बाई दिवसभर राबते, पण दुपारी मिळेल ते खाते आणि स्वतःची साखर कधी तपासत नाही. वस्तीला मैदान नाही, चालायला पदपथ नाही. अशा माणसाला दवाखान्यात ऐकावे लागते, "तोंडावर ताबा ठेवा." आजाराचा सगळा दोष आजाऱ्यावरच टाकायचा, ही इथली जुनी सवय आहे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांचे शरीर त्यामुळे जर्जर झाले होते. शरीरातल्या बिघाडाला माणसाचे चारित्र्य समजणे किती खोटे आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

लठ्ठपणा मोजण्याचे एक साधे माप आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येतो तो बीएमआय. पाश्चात्त्य देशांत ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही पोटाची चरबी आणि मधुमेह लवकर येतो, म्हणून इथल्या तज्ज्ञांनी ही रेषा २५ वर आणली. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २५ म्हणजे ६४ किलो, ३५ म्हणजे जवळपास ९० किलो आणि ४० म्हणजे १०२ किलो. हे आकडे लक्षात ठेवा; विम्याच्या अटी बोलताना ते पुन्हा लागतील.

आता उपचारांकडे वळू. आमचा या उपचारांना विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. फार लठ्ठ माणसाला या शस्त्रक्रियांचा मोठा फायदा होतो. अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या लठ्ठ रुग्णांचा सुमारे ११ वर्षे पाठपुरावा झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका वय, लिंग वगैरे फरक जमेस धरून २९ टक्के कमी होता. म्हणजे हा निव्वळ सौंदर्याचा धंदा नाही. योग्य माणसाला हा उपचार जीवदान देतो.

एंडोस्कोपीचे उपचार याच्या अलीकडचे आहेत. एक म्हणजे जठरात फुगा ठेवणे. सिलिकॉनचा फुगा तोंडावाटे आत नेऊन त्यात साधारण ४०० ते ७०० मिलिलिटर सलाईन भरतात. त्यात निळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे फुगा फुटला तर लघवी निळी-हिरवी होऊन इशारा मिळतो. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढावेच लागतात. दुसरा उपचार म्हणजे एंडोस्कोपीने जठराला आतून टाके घालून ते आवळणे. यात जठराचा कोणताही भाग कापून काढत नाहीत. जाहिरातीत 'टाका नाही' म्हणतात तेव्हा बाहेर टाका नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. टाके आत असतात.

या उपचारांना पुरावा आहे का? आहे, पण मर्यादेत. अमेरिकेतल्या नऊ केंद्रांवर ३० ते ४० बीएमआयच्या २०९ लोकांवर झालेली चाचणी २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. आतून टाके घातलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी १३.६ टक्के उतरले. फक्त आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांचे ०.८ टक्के. शंभर किलोच्या माणसाचे तेरा-चौदा किलो. गंभीर त्रास सुमारे २ टक्के लोकांना झाला, मृत्यू एकही नाही. शस्त्रक्रियेने याच्या साधारण दुप्पट वजन उतरते, पण धोकाही जास्त. फुग्याने सहा महिन्यांत अंदाजे दहा टक्के उतरते आणि फुगा काढल्यावर त्यातले बरेच परत येते. म्हणजे एंडोस्कोपी हा सल्ला आणि शस्त्रक्रिया यांच्यामधला पर्याय आहे. तो चमत्कार नाही. आणि चाचणीतल्या लोकांना महिनोन्महिने आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर भेटत होते, हे विसरू नका. तेरा किलो फक्त टाक्यांनी उतरले नाहीत.

फुग्याचा इतिहासही माहीत असावा. १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या फुग्याला मान्यता मिळाली आणि तो धडाक्यात विकला गेला. जठरात जखमा, फुगा गळून आतडे तुंबणे असे प्रकार झाल्यावर तीन वर्षांत विक्री बंद झाली. पुढे सुधारित फुगे आले, ते पुष्कळ सुरक्षित आहेत. तरीही २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने डॉक्टरांना सांगितले की २०१६ पासून जगभरात द्रव भरलेल्या फुग्यांच्या रुग्णांमध्ये १२ मृत्यूंची नोंद झाली आहे. हजारो फुग्यांमध्ये बारा ही संख्या छोटी आहे. पण या सूचनेचा अर्थ डॉक्टरांसाठी सरळ होता: फुगा बसवून विसरू नका, रुग्णावर लक्ष ठेवा. ज्या रुग्णाला लक्ष ठेवणारा डॉक्टर परवडत नाही, त्याच्यासाठी तोच फुगा जास्त धोक्याचा ठरतो.

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. एंडोस्कोपीचे या क्षेत्रात दोन चेहरे आहेत. एक जाहिरातीतला, वजन उतरवणारा. दुसऱ्याची जाहिरात होत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही बिघडले की ते निस्तरणारी दुर्बीण तीच असते.

काय बिघडते ते नीट समजून घेऊ. स्लीव्हमध्ये कापलेल्या जठराला स्टेपलची लांब शिवण असते. शंभरातल्या एक ते तीन जणांना ती शिवण गळते, बहुतेकदा वर, अन्ननलिकेजवळ. जठरातला रस पोटात सांडतो, पू होतो, ताप चढतो, नाडी धावते. पूर्वी पुन्हा पोट उघडावे लागे. आज अनेक रुग्णांत आतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून भोक झाकतात, किंवा दोन टोकांना वळलेल्या बारीक नळ्या टाकून पू जठरात वाहून नेतात, किंवा भोकात स्पंज ठेवून त्याला शोषण जोडतात. तो स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो. आठवडेच्या आठवडे रुग्णालयात. माणूस वाचतो, पण त्यासाठी कुशल एंडोस्कोपिस्ट, अतिदक्षता विभाग आणि पैसा, तिन्ही लागतात.

कुणाचा जोड अरुंद होतो, घोटभर पाणीही उलटते. तिथे फुग्याने तो जोड ताणून मोकळा करतात. बायपासच्या जोडावर अल्सर होतो, रक्त वाहते. ते दुर्बिणीतून थांबवतात. भराभर वजन उतरले की पित्ताचे खडे होतात. खडा पित्तनलिकेत अडकला तर एरवी तोंडावाटे दुर्बीण नेऊन काढता येतो, पण बायपास झालेल्याचा रस्ताच बदललेला असतो. तिथे खास तंत्र लागते आणि ते थोड्याच ठिकाणी होते. काहींचे वजन काही वर्षांनी परत वाढते. बायपासचा सैल झालेला जोड मग आतून टाके घालून पुन्हा आवळतात.

आता वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी चार गोष्टी सांगतो. डोक्यात पक्क्या ठेवा, कारण त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

पहिली, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, धडधड, धाप किंवा डाव्या खांद्यात कळ आली, तर 'गॅस झाला' म्हणून घरी बसू नका. गळती असू शकते.

दुसरी, सारख्या उलट्या होत असतील तर जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन, झपाट्याने संपते. अशा रुग्णाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात. थायमिन न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसते, स्मृती जाते. डॉक्टरांना आधी सांगा की वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि थायमिनबद्दल विचारा. हे एक वाक्य माणूस वाचवू शकते.

तिसरी, बायपासनंतर अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खाऊ नयेत आणि बिडी-सिगारेट सोडावी. दोन्हींमुळे जोडावर अल्सर होतो. ज्यांची कंबर रोज कामाने मोडते, त्यांना हे कुणी समजावून सांगितलेले नसते. काळी शौच झाली तर रक्तस्राव समजा.

चौथी, लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि 'ड' जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचे असते, रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने खायची असतात, रक्त दरवर्षी तपासायचे असते. आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचे असते.

ज्या देशात निम्म्याहून जास्त स्त्रिया आधीच रक्तक्षयी आहेत, तिथे या चौथ्या गोष्टीचा अर्थ काय होतो? ज्या बाईच्या घरात अंडे आठवड्यातून एकदा शिजते, तिने ६० ग्रॅम प्रथिने कुठून आणायची? गोळ्यांचा महिन्याचा खर्च कोण देणार? शस्त्रक्रियेचा खर्च लोक दागिने मोडून, हप्त्यावर उभा करतात. नंतरचा खर्च कुणी आधी सांगितलेलाच नसतो. पॅकेजची किंमत छापलेली असते. गुंतागुंतीची किंमत छापलेली नसते. शिवण गळली की पॅकेज संपते आणि रोजचे बिल सुरू होते. पैसे संपले की रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो. तिथले डॉक्टर जिवाचे रान करतात, पण स्टेंट आहे का, स्पंजचे यंत्र आहे का, त्या तंत्रात तयार झालेला माणूस आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेक जिल्ह्यांत 'मुंबईला न्या' अशी असतात.

बाबासाहेबांनी या समाजाच्या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. इथे प्रत्येक पायरीवर वेगळा हक्क असतो. या उपचारातही तसेच दिसते. वरच्या पायरीवर उपचार आणि पाठपुरावा दोन्ही. मधल्या पायरीवर कर्ज काढून उपचार, पाठपुरावा नाही. खालच्या पायरीवर फक्त उपदेश.

विमाही याच पायऱ्यांवर उभा आहे. विमा नियामकाने ठरवलेल्या अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध, आटोक्यात नसलेला मधुमेह असा एखादा गंभीर आजार. वरचे गणित आठवा. भारतीय बाईला ६४ किलोला लठ्ठ म्हणायचे आणि विम्याचे दार ९० किंवा १०२ किलोला उघडायचे. ज्या ३० ते ४० बीएमआयच्या लोकांत एंडोस्कोपीचा पुरावा आहे, त्यांतले बहुतेक त्या दाराबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी उरते ते हप्त्याचे कर्ज.

माध्यमेही किलोच मोजतात. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून एका तरुणीला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. वजन ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये एका खाजगी रुग्णालयात तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. किती किलो उतरले याच्या बातम्या रोज झळकत होत्या. मग नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचा मृत्यू झाला. तिचा आजार अत्यंत गुंतागुंतीचा होता; दोष कुणाचा हे आम्ही ठरवत नाही. पण तिला आणतानाचे कॅमेरे मोजा आणि गेल्यानंतरची चर्चा मोजा. लठ्ठ शरीर हा आपल्याकडे तमाशा होतो. ते शरीर पुढे कसे जगले, हा बातमीचा विषय होत नाही.

यावर एक आक्षेप आमच्याच लोकांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. ग्रामीण रुग्णालयात साधे इंजेक्शन मिळत नाही, तिथे तुम्ही स्टेंट आणि स्पंज मागता? ही चैन नाही का?

आमचे उत्तर असे. बायपासचा अरुंद जोड ज्या फुग्याने मोकळा करतात, त्याच फुग्याने ॲसिड पोटात गेल्यामुळे जळून आक्रसलेली अन्ननलिका मोकळी करतात. ॲसिड कुणाच्या घरात असते? संडास साफ करणाऱ्याच्या, दागिन्यांच्या कारागिराच्या, आणि ज्या घरात सुनेला ते प्यावे लागते त्याही घरात. अल्सरचे रक्त थांबवणारी दुर्बीण यकृत खराब झालेल्या माणसाची रक्ताची उलटीही थांबवते. गळतीवरचा स्टेंट अन्ननलिकेच्या कर्करोगाने घास बंद झालेल्या म्हाताऱ्याला पेज पिऊ देतो. पित्तनलिकेतले खडे तर गरीब-श्रीमंत बघत नाहीत. यंत्र तेच, हात तेच, प्रशिक्षण बरेचसे तेच. म्हणून जिल्हा रुग्णालयात उपचार करणारी एंडोस्कोपी मागणे म्हणजे लठ्ठ श्रीमंतांची सोय मागणे नव्हे. ज्या आजारांत आपली माणसे गुपचूप मरतात, त्यांच्यावरचा उपचार त्यात येतो.

दुसरा आक्षेप असा की मग शस्त्रक्रिया करूच नका, चालत जा, कमी खा. सौम्य लठ्ठपणात तो सल्ला पहिला, हे मान्य. वजनाची नवी इंजेक्शनेही आता बाजारात आहेत आणि तीही डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. पण १२० किलोच्या, इन्सुलिनवर असलेल्या माणसाला फक्त 'चालत जा' म्हणणे हा उपचार नाकारण्याचा सभ्य मार्ग आहे. पाणी सर्वांचे असेल तर विज्ञानही सर्वांचे आहे. धोका आहे म्हणून ते सोडून द्यायचे नसते. धोका वाटून घेणारी व्यवस्था उभी करायची असते.

ही मागणी परंपरेला धरूनच आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल सादर झाला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी पडलेल्या कामगाराची जबाबदारी त्याच्या नशिबावर न सोडता मालक आणि राज्य यांच्यावर टाकायची, हा त्यामागचा विचार. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. पोषण आणि आरोग्य, दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. लठ्ठपणाचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात मावतो.

म्हणून आम्ही चार मागण्या ठेवतो. एक, वजनाचा उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने गुंतागुंतीचा आणि किमान पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा खर्च आधी लेखी द्यावा. दोन, प्रत्येक महसुली विभागातल्या किमान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात उपचार करणारी एंडोस्कोपी चोवीस तास हवी. तीन, सरकारी योजनांत शस्त्रक्रिया मोजताना नंतरच्या गोळ्या, तपासण्या आणि गुंतागुंतही मोजावी. चार, रेशन आणि शाळेच्या ताटात डाळ-अंड्याला हक्काची जागा हवी. आजार तिथून अडवता येतो.

आणि ज्या मित्राच्या किंवा बहिणीच्या घरात हा निर्णय आज घ्यायचा आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. माझ्यासाठी हाच उपचार का, दुसरा का नाही? गळती झाली तर ती इथेच हाताळाल की दुसरीकडे पाठवाल, आणि बिल कोण भरणार? रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? पाचव्या वर्षी माझे रक्त कोण तपासणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट बसून उत्तरे देतो. जो रागावेल त्याच्या टेबलावर पैसे ठेवू नका, उठून या.

जय भीम!